खोक्यातली लोंबी

"रिकामं धाडाचं नाई, बाबू," असं म्हणत ती पदराची गाठ सोडायची. गाठीतून धानाची एक लोंबी काढायची, विडीच्या लाल दोऱ्याने गुंडाळायची, खोक्यात मालाच्या कुशीत ठेवायची आणि वरून थोपटायची. झोपलेल्या पोराला थोपटावं तशी. मग झाकण.

ती लोंबी ती कोणत्या खोक्यात ठेवते आणि कोणत्यात ठेवत नाही, हे सगळ्या कारखान्यात फक्त मला माहीत होतं. माहीत असून मी गप्प बसलो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांना तर नाहीच.

तुम्ही अशी माणसं पाहिली असतील. कारखान्यात, दवाखान्यात, कचेरीत कुठेतरी एक बाई असते, जिचं पद काय ते कुणाला धड सांगता येत नाही, पण ती आली नाही की काम अडतं. आमच्याकडे ती होती. सगळे तिला मावशी म्हणायचे. शेठसुद्धा.

गोंदियाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना. आधी भातगिरणीच्या चाळण्या नि पाण्याच्या पंपाचे सुटे भाग बनायचे. मी तिथे एक्स्पोर्टचं काम पाहायचो, म्हणजे परदेशी जाणाऱ्या मालाचे कागद. मावशी पॅकिंगला. दवनीवाड्याहून सकाळच्या बसने यायची. त्याआधी तिची निम्मी हयात विड्या वळण्यात गेली होती. विड्यांचं काम कमी होत गेलं तेव्हा शेठने विड्या वळणाऱ्या बायांपैकी काही जणींना पॅकिंगला घेतलं. त्यांच्या बोटांना बांधाबांधीची सवय, म्हणून. मावशीने बांधलेलं पुडकं सोडवायला कात्री लागायची.

थर्मोकोलवर तिचा राग होता. "याले ना चव ना वास," म्हणायची. खोक्यांत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, का वापरत नाही, असं तिने शेठला तोंडावर विचारलं होतं. शेठ हसून म्हणाला, "मावशी, विलायत में गाय नहीं भेजनी है." ती म्हणाली, गाय धाडली असती तर बरं होतं, निदान दूध तरी देते.

कंटेनरला ती लोखंडाची खोली म्हणायची. खोली आली की मला विचारायची, "यंदा कोनाच्या घरी?" मी देशाचं नाव सांगायचो. तिचा पुढचा प्रश्न ठरलेला: "तिकडे धान होते का?" होते म्हटलं की ती खूश. नाही म्हटलं की हात थांबायचा. "मंग खातेत काय गा ते लोकं?" मी गहू म्हणायचो, बटाटे म्हणायचो, एकदा वैतागून मासे म्हणालो. मासे ऐकून तिला जरा बरं वाटलं.

तिच्या गावच्या घरी दाराच्या चौकटीवर दरवर्षी नव्या लोंब्यांची झालर टांगलेली असायची. आमच्या भागात अनेक घरी टांगतात, चिमण्यांसाठी. मावशी पदरात बांधून आणायची त्या लोंब्या त्याच झालरीतून काढलेल्या. चिमण्यांच्या वाट्यातलं आणते, म्हणायची, देवाच्या नाही, म्हणून पाप लागत नाही.

एकदा या लोंब्यांनी मला चांगलंच अडचणीत आणलं. एका देशाच्या बंदरावर आमची खोकी उघडली गेली आणि तिथल्या तपासनिसाला आत वनस्पती सापडली. कीड येते म्हणून असलं काही चालत नाही, त्यांचे कडक नियम असतात. माल अडकला. सुटका करता करता माझ्या नाकी नऊ आले. मी पॅकिंगमध्ये जाऊन मावशीवर ओरडलो. सगळ्या बाया बघत होत्या.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लोखंड चालते त्याहिले. लोंबी चालत नाई?"

बाया फिसकन हसल्या. मीही हसलो असेन.

त्यानंतर काही दिवस मी झाकण लागण्याआधी हात घालून तपासायचो. लोंबी सापडली की काढून तिच्या पुढ्यात ठेवायचो. ती पुन्हा पदरात बांधायची. मग ती आणखी खोल ठेवू लागली, मी आणखी खोल हात घालू लागलो. बाया त्याला आमचा खेळच म्हणायच्या. शेवटी मी हरलो. एका अंगठ्याएवढी लोंबी, एवढ्या मोठ्या जगात कुठे कुणाला सापडणार, असं म्हणून मी तपासणं सोडलं. ती समजली. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी डब्यात लाखोरीची भाजी घेऊन आली.

मग आमच्याकडे सरकारी काम आलं. उखळी तोफेचा गोळा असतो, त्याच्या शेपटाशी धातूचे पंख असतात, गोळा हवेत सरळ जावा म्हणून. ते पंख बनवायचे आणि आपल्याच देशातल्या सरकारी कारखान्याला द्यायचे. परवाना रीतसर होता, पोलीस पडताळणी झाली, गेटवर नवा पहारेकरी बसला. पंखांचा तो जोड टोकाकडून पाहिला की पाकळ्यांसारखा दिसतो, म्हणून कामगारांनी त्याला नाव ठेवलं फूल. "आज किती फुलं झाली?" असं बोलायचे. ऐकणाऱ्याला वाटावं, इथे हार गुंफतात.

सरकारी खोक्यांत मावशी लोंबी ठेवायची नाही. हे माझ्या लक्षात आलं तसं मी तिला विचारलं, काऊन मावशी, फौजेवर राग आहे का?

"तो माल काई परक्या घरी जाते का? आपल्याच घरी आये. घरातल्या घरात कोन वटी भरते?"

पोरगी सासरी निघाली तर तिची ओटी भरायची, घरातून ओसरीवर निघाली तर नाही. इतकं सरळ होतं ते. देशाबाहेर जाणारं खोकं असेल तर लोंबी, देशातलं असेल तर नाही. मी कौतुकाने ऐकलं आणि माझ्या टेबलाशी जाऊन बसलो. तेव्हा मला काय माहीत, की मावशीचं हे बोलणं पुढे माझ्या गळ्याशी येणार आहे.

आता जे सांगायचं ते सांगतो.

युद्धाचा माल परदेशी विकायचा तर सरकारची वेगळी परवानगी लागते. ती मागताना घेणाऱ्याकडून लिहून आणावं लागतं, की माल शेवटी कोणाच्या हातात जाणार आहे आणि तिथून तो पुढे तिसऱ्या कुणाकडे जाणार नाही. काही देशांना तर द्यायचाच नसतो. हा नियम मला पाठ होता. त्यासाठीच मला पगार मिळायचा. आणि हा नियम का केला आहे, हेही मला कळत होतं. त्याला काही फार शिक्षण लागत नाही. कोणाच्या घरी जाणार, हे विचारल्याशिवाय तोफगोळा कुणाला देऊ नये, एवढाच त्याचा अर्थ.

शेठकडे एक दलाल आला. परदेशातलं गिऱ्हाईक, मोठी मागणी, फुलंच हवी होती, पण परवानगीच्या भानगडीत पडायला वेळ नव्हता. माल एका देशात उतरणार होता आणि तिथून पुढे दुसऱ्या देशात जाणार होता. तिथे लढाई चालू होती. त्या देशाचं नाव इथे लिहीत नाही, पण त्या दिवसांत ते रोज बातम्यांत असायचं. शेठने मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावायला सांगितलं आणि म्हणाला, "देखो भाई, पेपर में जो लिखा है, माल वही है."

मी कागदावर पंपाचे सुटे भाग लिहिलं.

मला कुणी धमकावलं नाही. नोकरी जाईल असंही शेठ बोलला नाही. मुलीचं शिक्षण चालू होतं, घर बांधायला काढलं होतं, ही कारणं मी नंतर जमवली. त्या क्षणी मी फक्त लिहिलं. हात जराही अडखळला नाही. आजही मला धक्का बसतो तो या गोष्टीचा.

खोकी भरायला मावशी होती. मी पॅकिंगमध्ये उभा होतो. तिने एक फूल हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं.

"बाबू, फूल तर तेच आये. फौजेचंच."

"पंपालाही तसंच लागते, मावशी."

"यंदा कोनाच्या घरी?"

मी कागदावरच्या देशाचं नाव सांगितलं. बाहेरच्या देशात जाणार आहे, म्हणालो.

"पानी काढाले?"

"हो. पाणी काढायला."

"तिकडे धान होते का?"

मला माहीत नव्हतं. होते, म्हणालो. तिचा चेहरा उजळला. तिने पदराची गाठ सोडली आणि त्या दिवशी एकेक लोंबी नाही, लोंब्यांच्या जुड्या ठेवल्या. पाणी काढायला चाललेल्या मालाला एक लोंबी कशी पुरेल. प्रत्येक खोक्यावर थोपटत ती पुढे सरकत होती आणि मी तिच्या मागोमाग झाकणांवर नावाच्या पट्ट्या लावत होतो.

पुढचा पावसाळा सरला, धान कापणीला आलं, तेव्हा ते अधिकारी आले. मूळचे सोलापूरकडचे होते, दिल्लीत नोकरीला. आवाज कधी चढवत नसत. शेठच्या केबिनमध्ये त्यांनी टेबलावर पहिला फोटो ठेवला. पडलेल्या घराच्या ढिगाऱ्यात एक वाकलेलं फूल, पाकळीवर आमच्या कारखान्याची खूण. शेठ म्हणाला, अशी खूण कोणीही मारू शकतं.

त्यांनी दुसरा फोटो ठेवला. फुटकं खोकं, थर्मोकोलचे तुकडे, आणि त्यात लाल दोऱ्याने बांधलेली एक सुकी जुडी.

"हे गवत कसलं आहे?" त्यांनी विचारलं. ज्वारीच्या मुलखातला माणूस, त्यांना ओळखू येईना. शेठ व्यापारी घरातला, त्याने भात फक्त ताटात पाहिलेला. त्या खोलीत एकट्याला मला ते कळलं. दोऱ्याची गाठसुद्धा मी ओळखली. समुद्र ओलांडून, कुठल्या कुठे जाऊन, चिमण्यांच्या वाट्याची ती जुडी परत माझ्यासमोर आली होती.

मी पुढ्यातले कागद सारखे करू लागलो. चहा घेऊन आलेल्या माणसाने फोटोकडे पाहिलं आणि सहज म्हणाला, ही तर आपल्या मावशीची लोंबी.

तिसरा फोटो त्यांनी पालथा ठेवला होता. शेठला घेऊन ते गोदाम पाहायला गेले तेव्हा मी तो उलटला. एक गल्ली होती. एका घराची भिंत नव्हती. गल्लीत ओळीने झाकून ठेवलेली माणसं होती, काही चादरी लांब, काही आखूड. मी मोजली नाहीत. फोटो होता तसा पालथा घातला आणि खिडकीजवळ जाऊन उभा राहिलो. बाहेर पहारेकरी खैनी मळत होता.

गोदामात शेठने काय सांगायचं ते ठरवून टाकलं होतं. पंपाच्या भागांची काही खोकी तिथे पडून होती, ती दाखवून म्हणाला, "ये देखिए साहब, अदलाबदल हो गई." परदेशी जायचे पंपाचे भाग इथेच राहिले, आणि देशातल्या सरकारी कारखान्याला जायची फुलं चुकून त्या कंटेनरमध्ये चढली. पॅकिंगच्या बाईने घोळ घातला. अडाणी बाई आहे, साहेब.

केबिनमध्ये परत आल्यावर त्यांनी मावशीला बोलावलं. ती पदर डोक्यावर घेऊन आली. अधिकाऱ्यांनी जुडीचा फोटो तिच्यापुढे धरला. तिने फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, आणि तिचा चेहरा पडला. तिला वाटलं, लोंबी सापडली. बंदरावर मागे झालं होतं तसं पुन्हा झालं, आणि या खेपेला दिल्लीहून माणूस आला.

तिने हात जोडले. "हो सायेब. म्याच टाकली. बाबूनं मले मना केलं होतं. म्या आयकलं नाई. बाबूची काई चुकी नाई याच्यात."

ती मला वाचवत होती. कशातून, ते तिला माहीत नव्हतं.

अधिकाऱ्यांनी विचारलं, खोकी तू बदललीस का. "डब्बे म्या नाई बदलवले सायेब, लोंबी टाकली." ते पुन्हा विचारत, ती पुन्हा तेच सांगत होती. मग त्यांनी पहिला फोटो दाखवला. ढिगाऱ्याचा. ती बराच वेळ पाहत राहिली.

"हे घर कायनं पडलं?"

अधिकारी हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही भरलेल्या खोक्यातल्या मालाने."

तिने माझ्याकडे पाहिलं. पंपाचं फूल ना, बाबू, असं ती म्हणेल असं मला वाटलं. पण ती होती तिथेच खाली बसली, फरशीवर, भिंतीला पाठ लावून.

मग अधिकारी माझ्याकडे वळले. या बाईला खोक्यावरच्या इंग्रजी पट्ट्या वाचता येतात का?

"नाही, साहेब."

मग अदलाबदल होऊ शकते?

"होऊ शकते," मी म्हणालो.

एवढंच. दोन उत्तरं. पहिलं खरं होतं, म्हणून दुसरं खपलं.

मला काय सांगता आलं असतं, ते तुमच्या लक्षात आलं असेल. ती खोकी देशातल्या सरकारी कारखान्याची असती, चुकून कंटेनरमध्ये चढली असती, तर त्यांत लोंबी असती का? घरातल्या घरात ओटी भरत नाहीत. जुडी होती, म्हणजे माल परदेशी जाणार हे भरतानाच ठरलेलं होतं, आणि तसं तिला कुणीतरी सांगितलेलं होतं. जी लोंबी तिला तिचा गुन्हा वाटली, ती तिच्या बाजूची साक्ष होती. ती साक्ष वाचता येणारा माणूस त्या खोलीत एकच होता.

शेठवर कारवाई झाली, निष्काळजीपणाची. परवाना काही काळ थांबला, मग परत सुरू झाला. निष्काळजीपणा कुणाचा, तर मावशीचा. तिला कामावरून काढलं. दवनीवाड्यात बातमी तिच्याआधी पोचली. बसमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली, पोट्टे मागून बॉम्बवाली म्हणून ओरडायचे, असं तिच्याबरोबरच्या बायांनी मला सांगितलं. मला सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

मी नोकरी सोडली. तेही उशिरा, घराचा स्लॅब घालून झाल्यावर. आता एका भातगिरणीत कारकून आहे. हंगामात सगळीकडे धानच धान असतं. पोत्यांत कधी एखादी अखंड लोंबी निघते, ती मी पायाखाली येऊ देत नाही.

एकदा मी तिच्या घरी गेलो. सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. तिने खाट टाकली, पाणी दिलं, लेकीची चौकशी केली, घर पूर्ण झालं का विचारलं. मी वर पाहिलं तर चौकटीवर खिळे होते आणि झालर नव्हती. धान नुकतंच निघालेलं, अंगणात तणसाची गंजी उभी, आणि चौकट बोडकी.

"यंदा लोंब्या नाही टांगल्या, मावशी?"

"नाई."

चिमण्या येऊन खिळ्यांवर बसत होत्या, उडून जात होत्या. ती म्हणाली, "बाबू, एक विचारू? त्या घरात मानसं होती का?"

मी म्हणालो, "माहीत नाही, मावशी."

तिने मान हलवली. "रिकामं असन," म्हणाली. मला नाही, स्वतःलाच. "लढाई सुरू झाली तं लोकं पयलेच पडून जातेत ना घर सोडून. रिकामंच असन."

मी जायला उठलो. ती सवयीने माझ्या हातावर काही ठेवायला आत वळली आणि दारातच थांबली. मग तशीच परत आली. त्या घरातून त्या दिवशी मी रिकाम्या हाताने निघालो. बहुतेक मीच पहिला.

आता ती दवनीवाड्यात नाही. दरेकशाला लेकीकडे राहते. डोंगरातलं गाव, तिथे तिला कुणी बॉम्बवाली म्हणत नाही. गोंदियाहून तिकडे गाडी जाते. स्टेशनवर उतरून चालत जाण्याइतकं जवळ घर आहे, मी विचारून ठेवलं आहे. दोनदा फलाटापर्यंत गेलो होतो.

त्या अधिकाऱ्यांना मी एक वाक्य द्यायचं आहे: ती लोंबी फक्त देशाबाहेर जाणाऱ्या खोक्यात ठेवायची, आणि ती खोकी देशाबाहेर चालली आहेत, पाणी काढायला चालली आहेत, हे तिला मी सांगितलं होतं. तिला मी एक उत्तर द्यायचं आहे, समोर बसून, तिने विचारलं होतं तसं. होती, मावशी. त्या घरात माणसं होती. ही दोन्ही माझ्याकडून अजून द्यायची राहिली आहेत.